सातवा रकाना

स्टेशन रोडच्या लॉजवर
काशीदनं रजिस्टर फिरवून पुढं केलं.
नाव, वय, कुठून आला, कुठं जाणार,
आणि सातव्या रकान्यात, देश,
त्यानं तोंड बघून आधीच लिहून टाकलं होतं : चीन.

त्सेंगसाहेबांनी खिशातलं पेन काढलं,
जॉबवर मारावी तशी एक आडवी रेघ मारली,
वर बारीक अक्षरांत लिहिलं : तैवान.
काशीद म्हणाला, तेच की ओ.
ते हसले. मराठी येत नव्हतं,
पण हे वाक्य बऱ्याच भाषांत ऐकलेलं असावं.

शिरोलीच्या शेडमध्ये आम्ही त्यांना शेंगसाहेब म्हणायचो.
जीभ वळत नाही, वळवायची गरजही कुणाला.
फोन मधे धरून ते बोलले : चालेल,
आजोबांची तीन नावं होती.
एक आईच्या हाकेतलं.
एक जपानी अमलात कागदावर चढलेलं.
पंचेचाळीसनंतर बोटींतून दुसरं सरकार उतरलं
तेव्हा तिसरं : अक्षरं आईचीच, उच्चार सरकारी.
वारले तेव्हा कुठल्या नावानं रडायचं
यावरून आत्यांमध्ये भांडण.

मशीनच्या बेडवर लेव्हल ठेवून
ते बुडबुड्याकडं बघत बसायचे. बोलायचे ते तेव्हाच.
शाळेत त्यांच्या आईच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली होती,
घरची भाषा तोंडातून निघाली म्हणून.
पाटी उतरवायची एकच वाट :
दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडून द्यायचं.
तिनं शेजारच्या बाकावरची दिली.
आता पंचाहत्तरीची आहे,
त्या मुलीचं नाव अजून घेत नाही.

बुडबुडा डावीकडं सरकलाय, मी म्हणालो.
थांब, ते म्हणाले, त्याला सवड दे.

सोमवारी सुट्टी. गाडीवर मागं बसवून
वडणग्याच्या गुऱ्हाळावर नेलं.
फडाफडातनं जाताना मागं सगळं गप्प,
मग एकच शब्द : कामच्या.
मला वाटलं, आमच्या, तुमच्या, तसलं काही.
त्यांच्या घरच्या भाषेत ऊस.

दस्तगीर गुळव्यानं वाटीत काकवी दिली.
बोट चाटून त्यांनी विचारलं,
वजन कोण करतं?
पणजोबा जपानी साखर कंपनीला ऊस घालायचे.
एकदा उसाऐवजी काट्यावर रेडकू चढवलं,
ते शेळीएवढं भरलं.
फोन मराठीत बोलायच्या आतच
दस्तगीर मांडीवर थाप मारून हसत सुटला :
म्हंजे तिकडंबी काटा मारत्यात!

परतताना पंचगंगेच्या पुलावर गाडी थांबवायला लावली.
आजोबांचा थोरला भाऊ, रेल्वेत कारकून,
सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये दोघांनी चौकशीला नेला.
जेवण झाकून ठेवलं होतं.
सत्तेचाळीस म्हटल्यावर मला तिरंगा आठवला,
पण कोल्हापुरात तेव्हा अजून दरबारच होता.
एकोणपन्नासला आमचं संस्थान विलीन झालं,
माझ्या आज्याच्या पेटीतले जुने स्टॅम्प बाद झाले.
एवढंच.
त्याच साली तिकडं लष्करी कायदा लागला
तो अडतीस वर्षं उठला नाही.
घरात भावाचं नाव निघालं की कुणीतरी खिडकी लावायचं.
पुढं सरकारनं माफी मागितली, दगडावर नाव कोरलं.
कुठल्या उच्चारात वाचायचं, ते कोरलेलं नाही.

खाली पाण्यात जलपर्णी तटली होती.
त्यांनी विचारलं, नदी कुठं जाते?
कृष्णेला, मी म्हणालो.
आणि मग?
मग तिचं नाव कृष्णा.

शिमग्याला ते पुन्हा आले, स्पिंडलच्या कामाला.
काशीदनं सातवा रकाना कोरा ठेवला होता.
पेन पुढं करत म्हणाला, तुमीच लिवा.
त्यांनी यावेळी आपल्या लिपीत लिहिलं, सावकाश,
एकेक घर बांधावं तसं.
काशीदनं चष्मा कपाळावर चढवला,
रजिस्टर दिव्याजवळ नेलं.
लई रेघा हायत ओ ह्याला, म्हणाला,
रकान्यात मावंना.