जागा शिल्लक नाही

मामानं धक्क्याच्या खांबाला बांधलेला
आइस्क्रीमचा रिकामा डबा.
आत पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर,
पाचशे बारा एमबी मेमरी,
अंगठ्याच्या नखाएवढं आठ जीबीचं कार्ड,
आणि पाण्यात सोडलेली एक वायर.

दर दहा मिनिटांनी तो एक ओळ लिहायचा:
वेळ, आणि पाणी किती.
भरतीला भरती म्हणतात
हेही त्याला ठाऊक नव्हतं.

चिलोएच्या या खाडीत तीन वर्षं
शिंपल्यांच्या दोरांवर निघालेले लोक
नोल्बेर्तो मामाला हटकायचे,
काय म्हणतो तुझा डबा?
मामा मिशीत हसायचा आणि आकडा सांगायचा.

मेमधल्या वादळानंतर डबा काही म्हणेना.
लाल दिवा मात्र चालू.
मामा म्हणाला, थंडी आहे, बोलेल.
थंडी गेली.

आणि आता फेब्रुवारीत
एदुविहिसबाईंचं घर हलवायचं ठरलं.
अख्खं लाकडी घर, कौलं नि खिडक्यांसकट,
बैलांनी ओंडक्यांवरून ओढत पाण्यापर्यंत,
मग बोटीमागे तरंगत पलीकडच्या काठाला.
गाव राबणार होतं, बटाटे सोलून ठेवले होते.
फक्त पाणी कधी चढेल, किती,
ते कुणी सांगेना.

रात्री चुलीशेजारी मी कार्ड वाचलं.
काठोकाठ भरलेलं.
तीन वर्षांची भरती-ओहोटी, दीड लाखांवर ओळी,
मिळून पाच एमबीसुद्धा नाहीत.
बाकी सगळ्या जागेत एकच वाक्य:
सेन्सर सापडत नाही.
सेन्सर सापडत नाही.
सेकंदाला दहा वेळा, शंभर दिवस,
एकच तुणतुणं.
एकतीस ऑगस्टला जागा संपली
तेव्हा तेही थांबलं.
वाक्य पुरं व्हायच्या आत,
'साप'पाशी.

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार,
मी म्हणाले. मामा हसला नाही.
स्क्रीनवर बोट ठेवून खाली खाली जात राहिला,
जणू कुठेतरी वेगळी ओळ निघेल.
पुसू नकोस, म्हणाला.
एवढं ओरडला बिचारा.
मी तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलो होतो.

मी काहीच बोलले नाही. चुलीत लाकूड सारलं.

सकाळी एदुविहिसबाईंच्या दारात
सगळं बाहेर मांडलं होतं:
पलंग, लोखंडी चूल, लोकरीचे पिंजे,
नवऱ्याचे एकवीस वर्षं न घातलेले बूट.
घर ओढायचं तर आधी रिकामं करावं लागतं,
नाहीतर चिखलात रुततं
आणि बैलांचे गुडघे जातात.
बाईंनी बूट उचलले, डावा ठेवला,
उजवा पेटवायच्या ढिगावर टाकला.
का, ते कुणी विचारलं नाही.
मामा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होता.

पुस, म्हणाला, घरी येऊन.
पहिली ओळ तेवढी ठेव.

पहिली ओळ: तेवीस मे, पहाटे तीन सतरा.
एवढीच बातमी होती.

मी बाकीचं पुसलं. चार सेकंद लागले.
नव्या तक्रारींना पाच एमबीची हद्द घातली,
भरली की जुनी आपोआप जाईल.
म्हणजे विसरेल? मामानं विचारलं.
तक्रार विसरेल, मी म्हणाले. पाणी नाही.

मग जुन्या ओळींतून पौर्णिमेनंतरचे
दुसरे दिवस तेवढे वेचले,
पेन्सिलीनं बेरीज केली, कारण मामाचा
माझ्या कॉम्प्युटरवरही विश्वास नव्हता.
दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, असं निघालं.

घर दोन पंचवीसला तरंगलं.
पंधरा मिनिटं चुकलो होतो आम्ही,
बैलांना तेवढीच विश्रांती.

वायर नवी लावलीय.
काल रात्री मामा टॉर्च घेऊन धक्क्यावर गेला.
परत आला तेव्हा पायमोजे ओले.
म्हणाला, एक ओळ लिहिलीय त्यानं.
किती?
बघितलं नाही, म्हणाला. लिहीत होता.