रुमालाखाली

यार्डात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत.
रुमालाखाली दोन हात शिरत,
बोटं बोटांना दाबत,
आणि बाहेर दोघंही उगाच पत्र्याकडे बघत.
मी शिरगोंडाशेठच्या अडतीवर.
एकोणीस वर्षं माझं बोट
कुणी चुकीचं वाचलं नव्हतं.

त्या पौषात मात्र मी चार दिली
आणि पलीकडच्याने पाच वाचली.
पाचवं मी दिलंच नव्हतं.
ते आपलं आपण थरथरत गेलं त्याच्या तळहातात,
सकाळच्या गोळीच्या वतीने.

राजापुरी हळद, बावीस पोती.
शेठ काही बोलले नाहीत, फरक स्वतःच्या नावे टाकला
आणि मला पट्ट्या लिहायला बसवलं.
तर अक्षरच बारीक होत गेलं,
ओळीच्या सुरवातीला शेंगदाण्याएवढं, शेवटाला खसखशीएवढं.
आकडे मुंग्यांसारखे निघायचे
आणि बेरजेपाशी पोचेतो दिसेनासे व्हायचे.

मग थरथरीवर दुसरी गोळी, छोटी, पांढरी.
तिने हात धरला आणि तोंडातलं पाणी नेलं.
कोरड्या जिभेने भडंग खाऊन बघा कधी.
सांगलीच्या माणसाला भडंग गिळत नाही, हे
डॉक्टरांच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

आधीचं सांगायचं राहिलंच.
मी काहीच घेत नव्हतो तेव्हा
हळदीचे ढीग माझ्याशी बोलत.
पहिल्यांदा नुसते भाव सांगत, आणि ते बरोबर निघत
(किंवा निघाले असं मला वाटे).
मग घरातलं सांगू लागले.
मग आक्काचं, माझ्या आईचं:
ती तुला संपवणार आहे.

डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. ना रंग, ना वास.
आक्का ती ज्वारीच्या पिठात लपवी
आणि माझ्या सकाळच्या चहात मोजून सोडी.
मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. चहा किंचित कडू.
तरी पीत राहिलो.
कप रिकामा होईतो ती उंबऱ्याशी उभी असे,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.
विष घालणारं माणूस इतका वेळ उभं राहत नाही,
एवढा एकच हिशेब
त्या गोंधळात मला जमला.

आठ महिने. फरक काही नाही.
शेवटी गणपती पेठेतल्या बेडगे केमिस्टने
सुटे पैसे मोजता मोजता विचारलं,
"कशातनं देता, आक्का?"
चहा म्हटल्यावर त्याने हातातली नाणी खाली ठेवली.
पाण्यात चालतं हे. चहात मरतं.

म्हणजे आठ महिने
ती मला फसवत होती, मी तिला,
आणि चहा आम्हा दोघांना.
घरी येऊन तिने सगळं सांगितलं. आधी ती हसली, मग मी.
मग माझं थांबलं, तिचं थांबेना,
आणि ते हसणं नव्हतं.

आता गोळ्या नाहीत.
चार आठवड्यांनी एकदा, मंगळवारी, सिव्हिलमध्ये सुई.
सिस्टर विचारते, मागच्या वेळी कुठली बाजू?
मी खिशातली वही काढतो. डावी. उजवी. डावी.
अकरा किलो वजन वाढलंय, तेही मांडलंय,
आवक म्हणून.

ढीग गप्प आहेत.
खोटं कशाला बोलू, कधीकधी
एखाद्याजवळ जरा जास्तच थांबतो.
नुसती धूळ येते नाकात, शिंक येते, पुढे जातो.

रुमालही गेले यार्डातनं. भाव उघड्यावर होतात,
बोटांचं आता तिथे काही काम नाही.

आक्का अजून सकाळी चहा आणते.
आत आलं, साखर, दुसरं काही नाही,
आणि तरी ती उंबऱ्याशी उभी.
कप परत देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागतात.
तिची वयाने हलतात, माझी औषधाने.
कुणाचं चौथं, कुणाचं पाचवं,
वाचत बसत नाही आम्ही.