दोन शिक्क्यांची ऑर्डर

शिरोलीच्या शेडमागं, जळक्या वाळूच्या ढिगाला लागून
बेचाळीस पंपांची बिडाची केसिंग पडून आहेत.
निळा रंग, वर पांढऱ्या अक्षरांत लिबिया,
खाली एका गावाचं नाव,
जे पहिल्यांदा लिहिताना मी चुकवलं होतं.

मार्चला ऑर्डर आली. एक देश, एक खातं, एक शिक्का.
ऑगस्ट संपताना दोन पत्रं आली, चार दिवसांच्या अंतरानं.
खातं तेच, शिक्का तोच,
पत्ता तेवढा निराळा:
एक राजधानीचा, एक लांब पूर्वेच्या बंदराचा.
दोन्हींत एकच ताकीद,
दुसऱ्याला माल देऊ नये.

मगदूमशेठनी चष्मा कपाळावर सारला.
"डिस्पॅचला तू आहेस. ठरव."
जसं काय त्या देशाचं सरकार
माझ्या टेबलाच्या खणात ठेवलंय
स्टेपलरच्या पिनांशेजारी.

इंग्रजीखाली अरबी मजकूर होता.
मोल्डिंगच्या दिलावर शिकलगारला बोलावलं.
"अक्षरं येतात, भाषा येत नाही," म्हणाला,
पण हात धुऊन आला. नखांत काळी वाळू तशीच.
दोन्ही पत्रं त्यानं सावकाश म्हटली,
लहानपणी मदरशात म्हणायचा तशी, थोडं डोलत.
एका ओळीवर थांबला.
"हा कळतो. मा. म्हणजे पाणी."
दुसऱ्या पत्रात बोट फिरवत गेला.
तिथंही होता.

सालेम इंजिनिअर इन्स्पेक्शनला आला होता दोन वर्षांमागं.
तांबड्या रश्श्याला भ्याला नाही,
पांढरा दोनदा मागून घेतला.
रविवारी त्याला स्टेडियमवर नेलं. दोन पेठांची फायनल.
ऑफसाइडवरून पेटलं,
मग बाटल्या, चपला, पोलिसांची गाडी.
मी शरमलो. तो हसत होता.
"आता ह्यांचं काय?"
"उद्या एकाच टपरीवर चहा पितील."
त्यानं वहीत लिहून घेतलं,
उजवीकडून डावीकडं: उद्या.

ह्या वर्षी त्याच्या तीन मेल आल्या.
विमानतळ जळतंय, वास घरापर्यंत येतो.
भाऊ पूर्वेला, मी पश्चिमेला,
आई फोनवर दोघांना एकच शिवी देते.
तिसरी नुसती: पाईप टाकून झाली. पंप?

नंतर काही नाही.
आमच्याकडं टोलच्या मोर्चाची बातमी लागायची रोज,
त्यांचा देश खालच्या पट्टीवरून
सरकत जायचा, वाचेपर्यंत संपायचा.

भंगारवाला दोनदा येऊन वजन विचारून गेला.
ऑडिटरनं रजिस्टर उलटं करून माझ्याकडं ढकललं:
पार्टीच्या नावाचा रकाना रिकामा का?
मी सालेमचं नाव लिहिलं.
पेन्सिलीनं.

काल दिलावर तारेचा ब्रश घेऊन मागं बसला होता.
सतरा नंबरच्या केसिंगखाली कुत्री व्यालीय,
ते सोडून बाकी सगळ्यांचा गंज काढला.
"गावाचं नाव कसं काढू?" म्हणाला,
"तुमचं चुकलेलं दिसतंय मला."
मी दोन्ही पत्रं दिली त्याला.
शिक्के झाकून त्यानं नाव ताडून बघितलं.
गाव एकच होतं, एकाच तऱ्हेनं लिहिलेलं.
मग त्याच अक्षरांत रंगवत बसला, उजवीकडून,
आणि पांढरा रंग पातळ झालेला,
तो ओघळत राहिला खाली.