दोनशे चौदा नंबरचा खण

आमच्या दारात आधी आगपेटी काढून ठेवायची,
मग नाव सांगायचं.

वरणगाव मागं पडलं की तापीकडे उतरणारा माळ.
माळावर तारेचं कुंपण, दुहेरी,
दोन तारांमधली पट्टी वखरून मऊ ठेवलेली.
पेरायचं काही नाही तिथं.
पाऊल उमटावं, एवढंच पीक.

सतरा वर्षं फौजेत काढली
आणि पेन्शन घेऊन पुन्हा फौजेच्याच दारात उभा राहिलो.
फरक इतकाच : तिकडं समोर कोण, माहीत नसायचं,
इकडं सगळ्यांच्या लग्नांत मी जेवलोय.

भिंतीवर लाकडी खण, प्रत्येकाला नंबर.
आगपेटी, बिडीबंडल, मोबाइल खणात,
पितळेचा बिल्ला हातात.
नवे साहेब म्हणाले, कॅमेरे येतील.
आले.
मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला
तेव्हा त्यातले दोन आंधळे झाले.
खण शाबूत.

त्या संध्याकाळी भोंगा झाला,
बिल्ले खणखणत पेटीत पडले,
एक कमी भरला.
आणि दोनशे चौदामध्ये एक आगपेटी,
कोपरा दबलेली, निम्मी भरलेली.
सुपडू झोपे.

माणूस आत असताना दारूच्या कोठाराला
कुलूप लागत नाही.
नियम मी केलेला नाही, पण चांगला आहे.
शिट्टी मारली. कॅन्टीन पाहिलं, संडास पाहिले,
निंबाखालचा पार पाहिला.
कुत्री थांबलीच नाही कुठं, थेट नाल्याकडे.

कुंपणाखालून पाणी जातं तिथं लोखंडी गज,
मधला हातानं फिरत होता.
बाकीचे गंजलेले,
हा एकटा चकचकीत, घासून घासून.
म्हणजे हे आजचं नव्हतं.

केळीत सापडला, गुडघ्याएवढ्या चिखलात.
आठवडाभर दिवसाची लाईट होती.
दारातून वळसा पाच किलोमीटरचा,
नाल्यातून बिडी विझायच्या आत पोचतो माणूस.
रोज भोंग्याआधी परत यायचा,
आज पलीकडची सरी फुटली.

"केयीले पानी भेटलं नही तं घड कसा पडीन, भो?
लिहू नको. मी काही नेलं का? घे झडती."

घेतली.
खिशात सुतळी आणि अर्धा पेरू.

त्यानं काहीच नेलं नव्हतं.
पण वाटेला दोन तोंडं असतात,
आणि नाला कोणाला बिल्ला विचारत नाही.

लिहिलं मी.
वेळ, जागा, गज किती सैल, नाव.
त्याच्या मुलीच्या हळदीत भरीत वाढणारा हात होता हा.
सुपडूचा सु दीर्घ पडला.
रजिस्टरात खोडाखोड चालत नाही,
तसाच आहे अजून.

वेल्डर आला, गजांमागे गज बसले.
आता नाल्यात केळीची पानं अडतात, पाणी तुंबतं,
दर सोमवारी उतरून मीच काढतो.
काढताना एकेक गज हलवून पाहतो.

पंधरा दिवस बिनपगारी,
सोळाव्या दिवशी आला सुपडू.
आगपेटी ठेवली, बिल्ला उचलला,
बोलला कुत्रीशी.

रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात
मनोऱ्यावरून त्याच्या सायकलचा दिवा दिसतो,
कुंपणाला धरून, लांबच्या रस्त्यानं.
बावीस मिनिटं लागतात त्याला.
कधी चोवीस.
मग अंधारात मोटर धरते,
आणि पाइपातून आधी हवा, मागून पाणी आल्याचा
तो खोकल्यासारखा आवाज.

रजिस्टरात त्याला रकाना नाही.