तेविसावी खुर्ची

गावात सभागृह नाही, म्हणून
त्या फॅरो बेटावरचा गाण्याचा उत्सव
लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत भरतो.
वर्षातून एक संध्याकाळ, दहा घरं, दर घरी एक गवई,
आणि ऐकणारे या दारातून त्या दारात,
छत्री न उघडता. तिथला वारा छत्री ठेवत नाही.

यंदा मार्युनचं घर निवडलं.
तिने सोफा अंगणात काढला, वर ताडपत्री टाकली,
मेंढ्यांनी ती हुंगली आणि सोडून दिली.
मग खुर्च्या. चर्चमधून बारा, शाळेतून सात,
घरच्या तीन, त्यांतली एक डुगडुगती,
तिच्या पायाखाली विजेच्या बिलाची घडी.
बावीस.
यादीत तेवीस.

"तेविसावा कोण?"
समितीतली पोरगी कागदातच बघत म्हणाली,
"तोर्किल."

तोर्किल म्हणजे कुंपणापलीकडचा.
अकरा वर्षांपूर्वी एक मेंढा कुणाचा
यावरून दोघांनी बोलणं टाकलं.
मेंढा कधीच कापून, वाळवून, खाऊन संपला,
अबोला मात्र धष्टपुष्ट.
एकाच दुकानात एकाच वेळी पाव घेतात,
दोन दिशांना बघत.

"मग उभा राहील," मार्युन म्हणाली.

आले लोक. कुठकुठून आले!
दोन रात्री बोटीत ओकत आलेली एक बाई,
धुक्याने एकदा माघारी धाडलेलं
आणि तरी पुन्हा निघालेलं एक म्हातारं जोडपं,
कुणी नुसतंच, कुणीतरी सांगितलं म्हणून.
मार्युन आयुष्यात एकदाच समुद्र ओलांडून गेली,
कोपनहेगनला, तीही ऑपरेशनसाठी.
आज जग तिच्या दारात वाकून
बुटांच्या नाड्या सोडत होतं.
तिने अंगठ्याला भोक पडलेले मोजे मोजले,
चारपर्यंत. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं.

कुंपण ओलांडून कोणीतरी येत होतं,
डोक्यावर उलटी खुर्ची,
चार पाय आभाळाकडे, शिंगांसारखे.

तोर्किलने खुर्ची भिंतीशी टेकवली आणि बसला.
कोणी काही म्हणालं नाही.
मार्युनने उगाच बशीतला रुबार्बचा केक
आणखी एकदा कापला.

गाणारी बिर्ना, बावीस-तेवीसची, नाक चोंदलेलं.
तिने गिटार मांडीवर घेतली आणि थांबली.
स्वयंपाकघरात फ्रिज घुमत होता.
मार्युन शरमेने उठली, बटण बंद करायला.
"असू दे," बिर्ना म्हणाली,
कान तिकडे केला, एक तार पिळली, थोडी सैल सोडली,
आणि त्या जुनाट फ्रिजच्या घरघरीलाच
षड्ज मानून तिने गाणं उचललं.

काय गायली ते सांगता येणार नाही.
बोटीतल्या बाईला भाषा कळत नव्हती,
जोडप्यातला आजोबा मध्ये पेंगला,
तिसऱ्या गाण्यात बिर्नाला शिंक आली
आणि सगळी खोली, सुरात, "भलं होवो" म्हणाली.
तेवढ्यात फ्रिज आपणहून थांबला.
दोन ओळी ती अधांतरी गायली,
पायाखाली पूल नसताना चालावं तशी.
मग फ्रिज पुन्हा लागला
आणि ती नेमकी त्याच्याच सुरावर उभी होती.
तोर्किलच्या तोंडून "हां" निघून गेलं.
पुरेसं मोठ्याने.

जाताना तो दाराशी बूट घालत म्हणाला,
"वॉलपेपर बदललास."
"सहा वर्षं झाली."
एवढंच.

दुसऱ्या दिवशी सोफा आत आला.
एकोणीस खुर्च्या आल्या तिथे परत गेल्या.
तेविसावी अजून फ्रिजशेजारी आहे.
मार्युन म्हणते, पुढच्या वर्षी लागणारच की,
उगाच कशाला ने-आण.

रात्री फ्रिज घुमायला लागला की ती आता
त्याला शिव्या देत नाही. दिवा मालवून
खिडकीशी उभी राहते थोडा वेळ.
पलीकडच्या स्वयंपाकघरात उजेड असतो.
तिला ठाऊक आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे,
तोर्किलकडे तेवढी एकच खुर्ची होती.

तो उभ्याने जेवतो.