पुढच्या मडगार्डावरची पाटी

खणभागात, दस्तगीर पेंटरच्या दुकानात
एक पाटी आलीये घासायला.
नांगराच्या फाळासारखी बाकदार.
पुढच्या मडगार्डावर उभी बसायची म्हणे,
दोन्ही अंगांना आकडे,
फटफटी कुठूनही जावो, शिपायाला वाचता यावी.

"धार असायची हिला," दस्तगीर म्हणतो,
"माझ्या चुलत्याच्या पोटरीवर खूण होती,
आकडा उमटला नाही, एवढंच."

पॉलिश पेपर, थोडं रॉकेल.
आधी निघाला पिवळा हात,
कुणीतरी घाईत फासलेला.
त्याखाली बी आणि वाय, मुंबईची अक्षरं.
मग काळा.
मग अगदी पत्र्याला लागून, पांढऱ्यात,
सांगली
आणि एकच आकडा: ९.

आधीच्या आठ गाड्या कुणाच्या, कुठं गेल्या,
दस्तगीरला ठाऊक नाही.
तो बघतोय नवाची शेपटी.
पत्र्याचा बाक संपला म्हणून
रंगवणाऱ्यानं ती आत वळवलीये,
ब्रश न उचलता.

मालक विचारतो, किती वेळ?
आरटीओचा नंबर टाकायचाय.

दस्तगीर बोळा खाली ठेवतो.
"उद्या या," म्हणतो,
आणि रद्दीच्या कागदावर
नऊ गिरवत बसतो.