चकची चावी

रात्री दोनला बाबा उठून बसतात.
"चकला चावी तशीच ऱ्हायलीया," म्हणतात,
"कुणीतरी बटन दाबंल आन ती उडंल. मरंल एखादं पोरगं."
आणि अंधारात पायांनी चपला चाचपतात.

लेथ विकून नऊ वर्षं झाली.
उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
की परत कधी सांगितलं नाही.

तातोबा मिस्त्री म्हटलं की गल्ली ओळखायची.
जॉबवरून आधी बोट फिरायचं :
"केसभर जास्त हाय, अजून एक कट घे."
मायक्रोमीटर नंतर, नुसता साक्षीला.

राजारामपुरीतल्या डॉक्टरनं कोरा कागद पुढं केला.
घड्याळ काढा, म्हणाला. अकरा वाजून दहा मिनिटं.
बाबांनी हात न उचलता वर्तुळ काढलं,
असलं गोल, की डॉक्टर जरा थांबलाच.
मधोमध पेन्सिलीचं टिंब, सेंटर पंच मारल्यासारखं.
आकडे नाहीत. काटे नाहीत.
मान वर करून विचारलं,
"बोअर किती ठेवायचा?"
डॉक्टरनं काहीतरी लिहिलं.
मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचलं : शून्य.

मग स्कॅनची फिल्म. उजेडावर लावून तो दाखवत गेला,
हा भाग आक्रसलाय, इथं पोकळी वाढलीय,
नवी आठवण इथूनच आत जाते, ते दारच झिजलंय,
जुनं सामान आतल्या खोलीत आहे, अजून काही दिवस.
चांगला माणूस. सोपं करून सांगत होता.
बाबा खुर्चीवरनं उठले. चष्मा कपाळावर सारला,
फिल्मपाशी नाक नेऊन बराच वेळ बघितलं,
फाउंड्रीतनं उतरलेला माल बघायचे तसं.
"भोकं पडल्यात," म्हणाले. "वाळू वली असणार.
घिऊ नका हे कास्टिंग. परत पाठवा."

परत कुठं पाठवायचं, बाबा.

केएमटीत खिडकीशी बसले.
पार्वती टॉकीजपाशी गाडी अडकली तेव्हा एकदम म्हणाले,
"शालनला सांगितलंस का, उशीर हुईल म्हणून?"
आई जाऊन चौदा वर्षं.
"सांगितलंय," म्हणालो.
खोटं बोलायला मी याच वर्षी शिकलो,
आणि आता हात बसलाय.

जेवताना वाटीच्या कडेवरून बोट फिरवतात, पुरा एक फेरा.
"फिनिशिंग चांगलं हाय," म्हणतात
आणि आतली आमटी तशीच निवते.

आज रात्री मी समजावत बसलो नाही.
दिवा लावला. कपाटाच्या दाराशी गेलो,
जिथं त्यांना मशीन दिसत होतं तिथं,
हवेत चावी धरली, अर्धा आटा फिरवली, उपसली,
आणि खिशातली स्कूटरची चावी
त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी हात जरा वरखाली केला, वजन घेतलं.
हलकी होती. कळलं असणार.
काही बोलले नाहीत, मुठीत धरली.
मग मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"नवा हाईस? कुणाचा?"
तातोबा लोहाराचा, म्हणालो.
"वळीखतो," म्हणाले. "मिस्त्री चांगला. जरा तापट."
मग थोड्या वेळानं,
"बाह्या वर कर. मशीनपाशी लोंबतं कापड नको.
आन चावी काढल्याबिगर बटन दाबायचं न्हाई,
कुणी का सांगंना."

मी बाह्या वर केल्या. आधी डावी, मग उजवी.
त्यांनी दोन्ही तपासल्या.

"उद्या आठाला ये," म्हणाले
आणि मूठ न उघडता आडवे झाले.
पगाराचं बोलणं तेवढं राहिलं.